परदेशातलं विद्यापीठ, तिथली लायब्ररी आणि तुमचे प्रश्न

परदेशी शिकायला गेलेल्या आणि जाणार असलेल्या वाचकांनी लायब्ररीबद्दल प्रश्न पाठवावेत असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर ढीगभर आले, आणि त्यातले निम्मे तरी "विचारायला लाज वाटते पण" असेच सुरू होतात. नावं छापत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत. तास, दंड, पुस्तकं किती दिवस ठेवता येतात हे सगळं विद्यापीठागणिक बदलतं, ते आपापल्या लायब्ररीच्या साइटवर बघा, मी इथे सगळीकडे चालेल तेवढंच सांगते.

प्रश्न : मॅडम, मास्टर्सला येऊन दीड महिना झाला. ओरिएंटेशनला लायब्ररीची टूर झाली होती पण तेव्हा झोपच पुरी झाली नव्हती आणि बोलणं इतकं भराभर की डोक्यावरून गेलं. आता डेस्कवर जायचं धाडस होत नाही. बोलताना अडखळतो, त्यात "याला एवढंही येत नाही?" असं वाटेल त्यांना. खरं तर विचारायचं काय तेच कळत नाही.

अरे ती टूर कुणाच्याच लक्षात राहत नाही, तिथेच जन्मलेल्या मुलांच्याही नाही, त्यामुळे तू मागे पडलायस वगैरे काही नाही. आणि डेस्कवर बसलेला माणूस तुझ्यासारख्यांसाठीच बसलेला असतो, बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये डेस्कवर किती प्रश्न आले याची नोंद ठेवतात आणि ते आकडे पुढे बजेट मागताना दाखवतात, म्हणजे तू प्रश्न विचारलास की त्यांचं काही बिघडत नाही, झाला तर फायदाच होतो.

अडचण अशी आहे की आपल्यातल्या कित्येकांच्या डोक्यात लायब्ररियन म्हणजे पुस्तकं सांभाळणारा, चिठ्ठी दिली की आतून पुस्तक आणून देणारा आणि आवाज झाला की रागावणारा. मोठ्या विद्यापीठात मात्र प्रत्येक विषयाला वेगळा लायब्ररियन असतो, सब्जेक्ट लायब्ररियन म्हणतात, कुठे लिएझन लायब्ररियन म्हणतात. त्याचं नाव आणि ईमेल साइटवर तुझ्या डिपार्टमेंटच्या पानावर दिलेलं असतं. अपॉइंटमेंट घेतलीस की तो अर्धा-पाऊण तास तुझ्यासोबत बसून तुझ्याच विषयाचं शोधून दाखवतो, वेगळे पैसे नाहीत. फी भरतोस त्यात हे आलं. माझ्या मते पहिल्या सेमिस्टरमध्ये विद्यार्थी सगळ्यात जास्त जे वाया घालवतात ते हेच.

आता विचारायचं काय. चार गोष्टी कागदावर लिहून ने : विषय काय, कुठल्या कोर्ससाठी, कधी द्यायचंय, आणि आत्तापर्यंत कुठे काय शोधलंस. "हवामान बदलावर पुस्तकं हवीत" असं म्हणालास तर कुणीही तुला एक मजला दाखवेल. त्याऐवजी "समुद्राची पातळी वाढल्यामुळे गाव सोडावं लागलेल्या लोकांना कायद्याने निर्वासित म्हणता येतं का यावर ३००० शब्दांचा निबंध आहे, पुढच्या आठवड्यात द्यायचाय, दोन लेख मिळाले पण दोन्ही जुने आहेत" असं सांगितलंस की समोरचा माणूस लगेच कामाला लागतो. मग तो तुला उलट चार प्रश्न विचारेल, तेव्हा घाबरू नकोस. तुझी परीक्षा चाललेली नसते, लायब्ररियनच्या ट्रेनिंगमध्येच ते शिकवतात, रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात त्याला, कारण माणूस पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवं असलेलं नसतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

बोलायचं अवघड जात असेल तर चॅट आहे, ईमेल आहे. लिहून विचार, लिहून उत्तर घे, ते जपूनही ठेवता येतं. आणि प्रोफेसरला कळेल का अशी भीती अजून दोघांनी लिहिलीय, तर नाही कळत. वाचकाने काय विचारलं, काय वाचलं हे गुप्त ठेवायचं हे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय, इतर देशांतही हेच पाळतात.

जाता जाता एक. एस. आर. रंगनाथन हे नाव ऐकलं असशील. गणित शिकवणारा माणूस, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि त्याच वर्षी हे काम शिकायला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला, म्हणजे तोही तुझ्यासारखाच परदेशी विद्यार्थी. तिथे असताना त्याने अनेक लायब्रऱ्या फिरून त्या चालतात कशा ते पाहिलं, आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले ते आज जगभर शिकवतात. त्यातला चौथा नियम आहे : वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा तीन तास एकटा स्क्रीनकडे बघत बसण्यापेक्षा जा आणि विचार.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये पुस्तक "अव्हेलेबल" दिसतं. नंबर आहे क्यूए ७६.९ .डी३४३. मी त्या रॅकपाशी गेले, डी३५ दिसलं, म्हटलं ३४३ म्हणजे याच्या पुष्कळ पुढे असणार, तर पुढे पूर्ण दोन रॅक बघितले, नाहीच. चोरीला गेलंय का?

नाही ग, ते डी३५ च्या अलीकडे आहे. याच्यात सगळेच फसतात म्हणून जरा नीट सांगते.

तुझ्या लायब्ररीत लायब्ररी ऑफ काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची, पुस्तकं लावायची पद्धत दिसतेय. त्यात पहिली अक्षरं म्हणजे विषय, क्यू म्हणजे विज्ञान, क्यूए म्हणजे गणित, आणि कॉम्प्युटर सायन्स त्याच गणितात ७६ वर बसवलंय कारण ही पद्धत ठरली तेव्हा कॉम्प्युटर नव्हतेच. अक्षरांनंतरचा आकडा साधा, आपण मोजतो तसा, म्हणजे क्यूए ८ आधी आणि क्यूए ७६ नंतर. पण त्याच्यापुढे टिंब देऊन जे अक्षर आणि आकडा येतो तो दशांश अपूर्णांकासारखा वाचायचा. .डी३४३ म्हणजे ०.३४३ आणि .डी३५ म्हणजे ०.३५, आता सांग लहान कुठला? म्हणून रॅकवरचा क्रम डी३, मग डी३४३, मग डी३५, मग डी५. एकाच लेबलवर दोन आकडे दोन वेगळ्या रीतीने वाचायचे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळणं अवघडच आहे, आणि टूरमध्ये नेमकं हेच सांगत नाहीत, कॉफी मशीन कुठे आहे ते सांगतात.

काही विद्यापीठांत ड्यूई पद्धत असते, मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये काढलेली, त्यात सुरुवातीला अक्षरं नाहीत, ००० ते ९९९ आकडे, ३३० अर्थशास्त्र, ६१० वैद्यक वगैरे. तिथेही टिंबानंतर दशांशच, ३३०.१२ आधी आणि ३३०.९ नंतर.

आणि बरोबर जागी बघूनही नसेल तर? मग कॅटलॉगमध्ये नंबरच्या शेजारी "लोकेशन" लिहिलेलं असतं ते बघ, ते कुणी वाचत नाही. "रिझर्व्ह" असेल म्हणजे थोड्या वेळापुरतं द्यायला बाजूला काढून ठेवलेलं, मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा रॅक वेगळा असेल, किंवा "स्टोरेज" असेल म्हणजे पुस्तक गोडाऊनमध्ये आहे, ऑनलाइन रिक्वेस्ट टाकली की आणून देतात. कधी कुणीतरी ते काढून टेबलावर घेऊन बसलेलं असतं. तेही नसेल तर डेस्कवर सांग, ते शोध लावतात आणि नाहीच मिळालं तर दुसरीकडून मागवतात.

एक विनंती, वाचून झालेलं पुस्तक स्वतः रॅकवर ठेवू नकोस, ट्रॉलीवर ठेव. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, आणि शिवाय ट्रॉलीवरच्या पुस्तकांची नोंद घेऊन पुष्कळ ठिकाणी कुठलं पुस्तक वापरात आहे ते मोजतात.

प्रश्न : मुलगी पुढच्या महिन्यात जातेय. कोर्सची पुस्तकं आधीच विकत घेऊन द्यावीत का? यादी फार मोठी आहे.

नका घेऊ, निदान पहिले दोन आठवडे तरी. यादीतलं काय वाचायलाच हवं आणि काय वाचलं तर बरं हे पहिल्या एक-दोन लेक्चरला कळतं, आणि "वाचायलाच हवं" त्यातलं बरंचसं लायब्ररीने शॉर्ट लोनवर ठेवलेलं असतं, म्हणजे काही तासांसाठी किंवा एका रात्रीसाठी मिळतं. बाकीचं ई-बुक. फक्त तिला एक सांगून ठेवा की ई-बुकसुद्धा "दुसरं कोणीतरी वाचतंय" म्हणून अडतं. प्रकाशक लायसन्सच तसं विकतात, एका वेळी एकच वाचक, किंवा तीन, किंवा कितीही, आणि शेवटचं सगळ्यात महाग. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा वर्ग एका वाचकाच्या ई-बुकवर तुटून पडतो. त्यामुळे लागणारं प्रकरण आधीच, परवानगी आहे तेवढं, डाउनलोड करून ठेवावं.

प्रश्न : लेख सापडतो पण उघडला की पैसे मागतात. रूममेट म्हणतो पायरेटेड साइटवरून घे, सगळे तेच करतात. तर काय करू?

एक पैसाही भरू नकोस, आणि रूममेटचंही ऐकू नकोस कारण बहुतेक वेळा तो लेख तुझ्या विद्यापीठाने आधीच विकत घेतलेला असतो, फक्त तू विद्यापीठाचा आहेस हे त्या साइटला कळलेलं नसतं. कॅम्पसच्या वायफायवर असताना कळतं, खोलीवरून कळत नाही. म्हणून खोलीवरून शोधताना लायब्ररीच्या साइटवरून आत शिर, विद्यापीठाचं लॉगिन मागेल ते दे, किंवा विद्यापीठाचा व्हीपीएन, म्हणजे तू कॅम्पसवरच आहेस असं साइटला दाखवणारी जोडणी, चालू कर. गूगल स्कॉलर वापरत असशील तर सेटिंग्जमध्ये "लायब्ररी लिंक्स" नावाची जागा आहे, तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव एकदा टाकलं की लेखाच्या बाजूला सरळ लिंक येते. ही दोन मिनिटांची सेटिंग न केल्याने लोक पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत हाल काढतात.

लायब्ररीकडे खरंच नसेल तर तीन वाटा. लेखकाने तोच लेख कुठेतरी कायदेशीर मोफत ठेवलेला असतो, अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन तो शोधून देतं. भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटरवाल्यांसाठी आर्काइव्ह (arXiv) नावाची साइट आहे, १९९१ पासून चालू, तिथे प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे लेख, मिळतात. दुसरी वाट म्हणजे इंटरलायब्ररी लोन. तुझी लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीकडून मागवते, लेख पीडीएफ म्हणून मेलवर येतो, बऱ्याचदा थोड्याच दिवसांत, पुस्तकाला जास्त वेळ लागतो. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्याला हे फुकट असतं, कुठे थोडे पैसे घेतात, ते आधी बघ. परदेशी मुलं हे सगळ्यात कमी वापरतात, त्यांना वाटतं एवढ्याशा असाइनमेंटसाठी दुसऱ्या शहरातून पुस्तक कशाला मागवायचं, पण ती सोय त्याचसाठी आहे. तिसरी वाट, लेखकालाच दोन ओळींचा मेल टाक. आपला लेख कुणीतरी वाचायला मागतंय याचा बहुतेकांना आनंदच होतो.

आणि एक इशारा. लेख मिळायला लागले की काही जण हौसेने स्क्रिप्ट लिहून एका जर्नलचे सगळे अंक उतरवायला जातात. असं केलं की प्रकाशकाच्या सिस्टिमला कळतं आणि ते तुझं एकट्याचं नाही, कधी कधी पूर्ण विद्यापीठाचं कनेक्शन बंद करतात, आणि मग कुणाच्या लॉगिनवरून झालं ते शोधलं जातं. टेक्स्ट मायनिंगसाठी, म्हणजे हजारो लेख कॉम्प्युटरकडून एकदम तपासायला, खरंच लागत असेल तर लायब्ररियनला आधी सांग, त्याची रीतसर परवानगी मिळते.

प्रश्न : काहीही शोधलं तर एक तर दोन लाख रिझल्ट येतात नाहीतर शून्य. शेवटी एआयला विचारलं, त्याने छान दहा लेखांची यादी दिली पण त्यातले सहा लायब्ररीत मिळतच नाहीत.

मिळणार नाहीत कारण ते लिहिलेच गेले नसण्याची शक्यता आहे. चॅटबॉट लेखकाचं खरं नाव, खऱ्या जर्नलचं नाव आणि पटेल असं शीर्षक जोडून लेख तयार करतो. असले लेख मागणाऱ्या रिक्वेस्ट लायब्ररियन लोकांकडे आता येत असतात आणि बिचारे जगात नसलेल्या अंकातलं पान शोधत बसतात. प्रत्येक संदर्भ कॅटलॉगमध्ये टाकून बघ, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, दिला असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर उघडतो का आणि उघडून तोच लेख येतो का ते बघ. एआयकडून समानार्थी शब्द घे, विषयाची तोंडओळख करून घे, पण संदर्भ त्याच्याकडून उचलू नकोस.

आता शोधण्याचं. आपण गूगलला विचारतो तसं पूर्ण वाक्य डेटाबेसला विचारलं की तो त्यातला प्रत्येक शब्द शोधत बसतो आणि शून्य देतो. वाक्य टाकू नकोस, विषयाचे दोन-तीन तुकडे कर, प्रत्येक तुकड्याला वेगळ्या शब्दांत काय म्हणतात ते लिही, एका तुकड्यातले शब्द "ऑर" ने जोड आणि तुकडे एकमेकांना "अँड" ने जोड. जोडून येणारे शब्द अवतरणात टाक. शब्दाची पुढची रूपं हवी असतील तर मध्येच स्टार दे, मायग्रेशनची पहिली पाच अक्षरं लिहून स्टार दिलास की मायग्रंट, मायग्रेट, मायग्रेशन सगळं येतं.

परदेशी विद्यार्थ्यांचं अजून एक दुखणं म्हणजे स्पेलिंग. लेबरमध्ये यू आहे की नाही, पीडिअॅट्रिक्समध्ये पीच्या पुढे ए आहे की नाही, ब्रिटिश वेगळं आणि अमेरिकन वेगळं, आणि तू एकच शिकलेला असतोस, मग अर्धे लेख दिसतच नाहीत. दोन्ही टाकायची, मध्ये "ऑर".

याच्यापुढची पायरी म्हणजे सब्जेक्ट हेडिंग. माणसं एकाच गोष्टीला दहा नावं देतात, डेटाबेसवाले त्यातलं एक ठरवतात आणि सगळे लेख त्याखाली लावतात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये तू "हार्ट अटॅक" टाइप केलंस तरी तो मागच्या मागे "मायोकार्डियल इन्फार्क्शन" पण शोधतो, कारण ठरलेलं नाव ते आहे. सगळे डेटाबेस एवढे समजूतदार नसतात, तिथे ठरलेलं नाव तुलाच शोधावं लागतं. सोपी युक्ती : एक चांगला लेख सापडला की त्याच्या माहितीत खाली सब्जेक्ट्स दिलेले असतात, त्यावर क्लिक कर. मग त्याच लेखाची संदर्भयादी बघ, म्हणजे त्याच्या आधीचं मिळतं, आणि "साइटेड बाय" वर क्लिक कर, म्हणजे त्याच्या नंतरचं मिळतं. चांगला एक लेख हातात असेल तर पन्नास मिळायला वेळ लागत नाही, खरं कष्टाचं काम तो पहिला शोधण्याचं आहे, आणि त्यासाठी वर म्हटलेला सब्जेक्ट लायब्ररियन.

प्रश्न : टर्निटिनमध्ये २२ टक्के आले. मी कॉपी केलेलं नाही. आता काढून टाकतील का?

शांत हो. टर्निटिन हे तुझं लिखाण आधीच्या लिखाणाशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर आहे, तो आकडा फक्त जुळणाऱ्या मजकुराचा आहे, चोरीचा नाही. अवतरणातली वाक्यं, संदर्भयादी, असाइनमेंटचा छापील प्रश्न, हे सगळं त्यात मोजलं जाऊ शकतं. रिपोर्ट उघड आणि कुठे रंग लागलाय ते बघ. अवतरणचिन्ह आहे आणि संदर्भ दिलाय तिथे लागला तर ठीक, पण तुझं म्हणून लिहिलेल्या परिच्छेदात सलग ओळी रंगल्या असतील तर ते बदलावं लागेल, आणि तिथे चार शब्द इकडचे तिकडे करणं म्हणजे बदलणं नव्हे. मूळ पान बंद करून, समजलं ते आपल्या वाक्यात लिही, आणि तरीही संदर्भ दे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की शब्द आपले असले तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर नाव द्यावंच लागतं. जिथे परीक्षेत पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की मार्क मिळायचे तिथून आलेल्या मुलांना हे जड जातं, त्यात त्यांचा दोष नाही, पण विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर ते कारण चालत नाही.

संदर्भ हाताने लिहीत बसू नकोस. झोटेरो नावाचं संदर्भ जमवून यादी करून देणारं सॉफ्टवेअर घे, जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं, २००६ पासून आहे, मोफत आहे. बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये त्याचं तासाभराचं वर्कशॉप असतं.

प्रश्न : काही पुस्तकं घरी का देत नाहीत?

कोश, हस्तलिखितं, दुर्मिळ पुस्तकं तिथेच बसून वाचायची असतात. ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीने १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याला पुस्तक न्यायला नकार दिला होता, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. स्कॅनर असतो, कॉपीराइटच्या मर्यादेत पानं स्कॅन करा.

प्रश्न : कोर्स संपत आलाय. लॉगिन नंतर चालू राहतं का?

बहुतेक ठिकाणी पदवीनंतर ठरावीक मुदतीने बंद होतं, कारण ई-जर्नलची लायसन्सं चालू विद्यार्थ्यांपुरती असतात. माजी विद्यार्थ्यांना आत येऊन बसायला आणि कधी पुस्तकं न्यायला मिळतात, काही मोजके डेटाबेसही, पण सगळं नाही. म्हणून आत्ताच तीन कामं कर. झोटेरोचं अकाउंट विद्यापीठाच्या मेलवर असेल तर स्वतःच्या मेलवर आण. लागणारे पीडीएफ उतरवून ठेव. आणि घरी असलेली पुस्तकं परत कर, दंड नसला तरी न दिलेल्या पुस्तकाचे पैसे लावतात आणि काही विद्यापीठं ते फिटेपर्यंत सर्टिफिकेट अडवतात. दुसऱ्या विद्यापीठांत एज्युरोमचं वायफाय वापरायची सवय असेल, शंभराहून जास्त देशांत चालतं ते, तर तेही याच लॉगिनवर असतं, त्यासोबतच जाईल.